लेनिनच्या पायाशी नऊ ट्यूलिप

पाच वर्षं सोफियात काढलेल्या माणसाला इथल्या चालीरीती कोणी शिकवू नयेत! नावदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या सणाला, बोलावणं नसतं, आपणच उठून जायचं, आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. म्हणून तर माझा बेत बिनतोड होता.

माझी घरमालकीण नेवेनाआजी. मी तिच्या डोक्यावरच्या खोलीत राहतो. एकदा माझ्या हातून नळ उघडा राहिला आणि खाली तिचा लग्नातला गालिचा पोहायला लागला. "ईस्टरच्या आत खोली सोड!" हुकूम सुटला. ईस्टरनंतर चौथ्या दिवशी माझी पशुवैद्यकीची शेवटची तोंडी परीक्षा! अशा वेळी दुसरी खोली शोधू, की गाईच्या पोटाचे चार कप्पे पाठ करू?

पण ईस्टरच्या आधीच्या रविवारी फुलांची नावं असलेल्या सगळ्यांचा नावदिवस असतो. आणि नेवेना म्हणजे झेंडूच की! नऊ ट्यूलिप न्यायची, सणाचा मासा खायचा, डोळ्यांत पाणी आणायचं, खोली वाचवायची.

फुलं घेतली तरी तासभर वेळ हाताशी होता. मासा तळून होण्याआधी पोचण्यात अर्थ नव्हता. वाटेत पुतळ्यांची बाग लागली. जुन्या राजवटीतले चौकाचौकांतले सगळे साहेब तिथे गवतात आणून उभे केलेत. आत शिरलो आणि बुटाची नाडी सुटली. गुच्छ लेनिनच्या पायाशी टेकवून मी वाकलो. झालं!

"शाबास, पोरा!" छातीभर पदकं लावलेले एक आजोबा मागे उभे होते, सोबत लाल टोपीतली त्यांची बायको. "कुठला रे तू?"

"भारतातला. पण आजोबा, ही फुलं..."

"भारतातून येऊन वाकतोस! आमची नातवंडं इकडे फिरकत नाहीत!" त्यांनी मला अशी मिठी मारली की एक पदक नाकात घुसलं.

बाई फुलं मोजत होत्या. "नऊ? अरे, विषम जिवंत माणसाला! मेलेल्याला सम वाहतात. कोणी शिकवलं नाही का तुला?" त्यांनी एक फूल उपसून आपल्या कोटाला खोचलं. मग दोघांनी गाणं म्हटलं. सगळी कडवी! मी मान खाली घालून उभा.

ते गेल्यावर गुच्छ उचलला, तर पहारेकरी ओरडला, "ए चोरा! पुतळ्याची फुलं पळवतोस?" मी जो धावत सुटलो, तो थेट नेवेनाआजीच्या दारात थांबलो.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात आजीने फुलं मोजली. "आठ!" बायकांनी छातीवर क्रूस काढले. "मेल्या, मला पुरायला आलास?"

वाटेत एक फूल फेकलं असतं तर सात झाली असती. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय! तेव्हा मी खरं बोलून बसलो. "नऊच होती हो! एक लेनिनपाशी गेलं!"

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. तिथे आजीच्या वडिलांचा फोटो होता. त्या पुतळ्यांच्याच राज्यात त्यांना कैद्यांच्या छावणीत नेलं, ते परत आलेच नाहीत. हे मला पाच वर्षं माहीत होतं! खोली गेली, परीक्षा गेली, आणि म्हातारीचा चेहरा बघून मला स्वतःचीच लाज वाटली.

"त्याच्या पायाशी होती ही?" आजीने हळूच विचारलं.

"हो."

"आणि तू उचलून पळालास?"

"हो. चोर म्हणाले मला."

आजी उठली. आठही फुलं पेल्यात घालून तिने फोटोखाली ठेवली. "घ्या, बाबा. पोराने त्याच्याकडून हिसकावून आणलीत."

मग ती रडली. माझ्या कपाळाचा मुका घेतला, ताटात माशाचे दोन तुकडे वाढले, स्वतःच्या हाताने रकियाचा, इथल्या फळांच्या दारूचा, पेला भरून दिला. म्हटलं, हीच वेळ!

"आजी, मग ती खोली...?"

"बरी आठवण केलीस, बाळा," डोळे पुसत आजी म्हणाली. "नवा भाडेकरू शनिवारी येतोय. तू शुक्रवारीच नीघ!"