कौतिका टिटवी आणि शेजारप्रीती समिती

बसा रे बाळांनो, मांडी घालून बसा. खाऊ गोष्ट संपल्यावर मिळेल. आधी मागितला तर गोष्टही नाही आणि खाऊही नाही.

एका जंगलात, मोहाच्या झाडाखाली, एक चर्च होतं. चर्चसमोर नुसत्या खड्यांचा उघडा माळ. त्या माळावर कौतिका नावाची टिटवी राहायची. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, ठाऊक आहे ना? चार खडे बाजूला सारायचे, मध्ये अंडी घालायची, झालं घर. अंडीही खड्यांसारखीच दिसतात.

कौतिकाची चार अंडी होती. ती घातली आणि आठवडा उलटायच्या आत तिचा नवरा कोल्ह्यानं नेला. तेव्हापासून ती एकटीच अंड्यांवर बसून असायची. उन्हानं घशाला कोरड पडायची, पण तळ्यावर जायची सोय नव्हती. तिची पाठ फिरायची खोटी, कावळा टपलेलाच. पिल्लं निघेपर्यंत कसेबसे दिवस काढायचे, बस्, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आता चर्चचं ऐका. मंडळी फार रोडावली होती. रविवारी उपासनेला आठ-दहा जनावरं यायची, त्यातली निम्मी प्रवचनात पेंगायची. पाळक होते शांतवन सांबर. स्वभावानं अगदी गरीब. एका रविवारी ते म्हणाले, "मंडळी वाढायची तर आपण शेजाऱ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. त्यांच्यावर प्रीती केली पाहिजे."

सगळ्यांना पटलं. मोठ्यांना एखादी गोष्ट पटली की ते काय करतात? समिती नेमतात. शेजारप्रीती समिती नेमली गेली. पंच याकोब रानडुक्कर अध्यक्ष झाले आणि महिला मंडळाच्या मार्थाबाई नीलगाय चिटणीस. पहिली बैठक शेजारी कुणाला म्हणावं यावर झाली. दुसरी बैठक पहिल्या बैठकीत चहा गार का होता यावर झाली. तिसऱ्या बैठकीत मार्थाबाईंनी सहज मान वळवून बाहेर पाहिलं आणि त्या ओरडल्याच, "अगं बाई! समोरच तर बसलीय एक!"

लगेच घरभेट ठरली. पाळकसाहेब, याकोबराव आणि मार्थाबाई माळावर आले.

"कौतिकाबाई, आम्ही शेजारचेच बरं का," मार्थाबाई लांबूनच म्हणाल्या.

कौतिकाला भरून आलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. "या, या," ती म्हणाली. "फक्त पाय जपून टाका, अंडी आहेत खाली. आणि रागावणार नसाल तर एक मागू का? घटकाभर इथं सावली धरून उभं राहाल? मी तळ्यावर जाऊन घोटभर पाणी पिऊन येते."

"अवश्य, अवश्य," पाळकसाहेब म्हणाले. "आधी एक गीत घेऊ, मग प्रार्थना, मग तुमचं बघू."

घरभेटीचा रिवाजच तसा होता. गीताची पाच कडवी झाली. शेवटचं कडवं सुरात आलं नाही म्हणून पुन्हा झालं. मग सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांनी तहानलेल्यांसाठी प्रार्थना केली, विधवांसाठी केली, दूरदेशीच्या पाखरांसाठी केली. प्रार्थना लांबली. याकोबरावांच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी डोळे न उघडता पाय बदलला.

कच्चकन आवाज झाला.

कौतिकानं असा टाहो फोडला की झाडावरचे पोपट उडाले.

"आमेन!" मार्थाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "किती मनापासून म्हणतेय बघा. लगेच लागली हो गोडी."

डोळे उघडल्यावर सगळ्यांनी पाहिलं. याकोबरावांनी खूर खड्यांवर पुसला. "नजरचुकीनं झालं बाई," ते म्हणाले. "राहिलेल्या तिघांसाठी आपण विशेष प्रार्थना ठेवू." पाळकसाहेबांना खरंच वाईट वाटलं. मंडळी हळहळत परत गेली. पाण्याचं तेवढं राहून गेलं.

समितीनं घरभेट फलदायी झाल्याचं कळवलं आणि पुढचा बेत आखला. शेजाऱ्यांसाठी प्रीतिभोजन करायचं. ते सांगायला मार्थाबाई पुन्हा आल्या.

"मंडप इथंच घालायचाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पहिल्या रांगेत बसवणार. फक्त ही जागा तेवढी मोकळी करून द्या."

"अहो, अंडी कुठं हलवू? हलवली तर जातील ती."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मला जेवण नको, मार्थाबाई. तुमच्या पाया पडते, मंडप दुसरीकडं घाला."

मार्थाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "अहो, तुमच्यासाठीच करतोय ना सगळं? दुसरीकडं घातला तर तुमच्या दारात कसा होईल?"

रविवारी सकाळी मंडळी बांबू, कनाती आणि पातेली घेऊन हजर झाली. जमीन सारखी करायचं काम याकोबरावांकडं होतं. रानडुकराला ते शिकवावं लागत नाही. त्यांनी मुसकट जमिनीत खुपसलं आणि माळ उकरत, खडे उडवत ते सरळ अंड्यांच्या रोखानं निघाले. कौतिका ओरडली, तिनं त्यांच्या डोक्यावर घिरट्या घातल्या, टोचलंसुद्धा. "शेजारीण उत्साही आहे," याकोबराव म्हणाले आणि उकरत राहिले.

मग कौतिकानं तिच्या आईनं शिकवलेलं केलं. कोल्हा अंड्यांजवळ आला की टिटवी करते तेच. ती त्यांच्यासमोर खाली पडली, एक पंख लोंबता सोडला आणि लंगडत, फरफटत दूर निघाली.

"अगं बाई, पंख मोडला बिचारीचा!" मार्थाबाईंना आनंद लपवता येईना. इतक्या बैठका झाल्या होत्या, पण मदत करायला असं कुणी सापडलं नव्हतं. "चला, चला! पट्टी आणा! गीतांची पुस्तकं आणा!"

सगळी मंडळी बांबू टाकून तिच्यामागं धावली. तिनं त्यांना बाभळींतून नेलं, काट्यांतून नेलं, थेट तळ्यावर नेलं. तिथं ती पोटभर पाणी प्यायली. मग दोन्ही पंख पसरून उडून गेली.

पाळकसाहेबांनी तिथंच गुडघे टेकले. "बरी झाली!" ते रडत म्हणाले. "आपल्या प्रार्थनेनं बरी झाली!"

झालं! मंडप राहिला बाजूला आणि ही बातमी जंगलभर पसरली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिन्ही अंडी फुटली आणि पिल्लं ओल्या अंगानं उभी राहिली. कौतिकाचा जीव भांड्यात पडला. पण अंग वाळतं न वाळतं तोच क्षितिजावर धूळ उठली. गवे येत होते, हत्ती येत होते. चमत्कारानं बरी झालेली टिटवी बघायला सगळं जंगल निघालं होतं.

कौतिकानं पिल्लांना पुढं घातलं आणि टेकडीची वाट धरली.

"आई, ते कोण गं?" थोरल्यानं विचारलं.

"आपले शेजारी."

"चांगले आहेत का?"

"फार चांगले आहेत रे बाळा," कौतिका म्हणाली. "पाय उचल."

चर्चची मंडळी वाढली. अशी वाढली की मोहाखाली मावेना. मग समोरच्या माळावर, जागा आयतीच मोकळी होती, प्रशस्त शेजारप्रीती भवन उभं राहिलं. तिथल्या पहिल्या सभेत कुणीतरी विचारलं, आता जवळपास शेजारी कोण आहे? याकोबराव चारी बाजूंनी बघून आले. कोणीच नव्हतं. तेव्हा शेजारी शोधून काढण्यासाठी एकमतानं नवी समिती नेमण्यात आली.

तात्पर्य : शेजाऱ्यावर प्रीती करायला ऐसपैस जागा लागते. म्हणून आधी शेजारी उठवावा.