प्रश्न क्रमांक चार

या हो, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही उठून यावं, कारण ही गोष्ट मागे बसणाऱ्या माणसांचीच आहे. ऐकता ऐकता जीव थोडा टांगणीला लागेल, थोडं हसूही येईल. दोन्ही अंगाला मानवणारं आहे.

तर बुधवारी संध्याकाळी आमदार मास्तर घरच्या आरशासमोर उभे राहून आरोग्यमंत्र्यांना फैलावर घेत होते.

“मला कारणं नकोत, मंत्रिमहोदय! मला तारीख हवी!”

आरशातले मंत्री ढिम्म राहिले. मास्तरांचाच आवाज चिरकला.

“‘तारीख’ म्हणताना तुम्ही शिंकल्यासारखे वाटता,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “शाळेत पोरांना विचारायचात तसं विचारा ना. ‘गृहपाठ का केला नाहीस?’ बस्स.”

“पोरं माझ्याहून लहान होती गं.”

“मंत्री काय ताडाएवढे असतात?”

मास्तर पूर्वी गणित शिकवत. लोकांनी त्यांना कौतुकानं निवडून दिलं आणि पक्षानं त्यांना शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे बसवून टाकलं. तीन वर्षांत त्यांनी एकशे बारा प्रश्न दिले होते. प्रश्नांच्या चिठ्ठ्या काढल्या जात आणि मास्तरांचा नंबर लागे सत्ताविसावा, नाहीतर एकतिसावा. प्रश्नांचा तास अकराला सुरू होऊन बाराच्या ठोक्याला संपे. तेवढ्यात फार तर पाचसहा प्रश्न व्हायचे. उरलेले छापील उत्तरासकट रद्दीत जायचे. या खेपेला मात्र देव पावला होता. उद्याच्या यादीत त्यांचा प्रश्न चौथा होता, आणि उद्याच अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता.

प्रश्न होता डोंगरावरच्या दवाखान्याचा. तिथली डॉक्टरांची खुर्ची चौदा महिने रिकामी होती. एकटा कंपाउंडर दार उघडायचा, जखमा धुवायचा, तापाच्या गोळ्या द्यायचा आणि बाकीच्यांपुढे हात जोडायचा. मागच्या महिन्यात एका बाईला खाटेवर घालून डोंगर उतरवावा लागला. ती अर्ध्या वाटेतच बाळंत झाली. मायलेकरं वाचली ती देवाच्या दयेनं, सरकारच्या नव्हे. ती कंपाउंडरचीच लेक होती. “मास्तर, माझ्या दवाखान्यात मला माझ्या पोरीपुढे हात जोडावे लागले,” असं तो म्हणाला, तेव्हा मास्तरांनी शब्द दिला होता की मंत्र्याच्या तोंडून तारीख वदवून घेतल्याशिवाय राहणार नाही.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे साक्षात पक्षप्रमुख होते.

“मास्तर, आरोग्यमंत्री रुसून राजीनामा देऊन बसलेत. उद्या सकाळी नऊला या. शपथ घ्यायचीय. आरोग्य खातं तुमच्याकडे.”

“माझ्याकडे? का?”

“दोन गटांचं जमत नाहीये. एकाच्या नावाला दुसरा हरकत घेतो. तुमच्या नावाला कुणीच हरकत घेतली नाही. तुम्ही आहात हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.”

फोन ठेवून मास्तर मटकन खाली बसले. बायकोनं आनंदानं त्यांच्या तोंडात साखर घातली. ती विरघळेपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अगं, उद्या माझा प्रश्न आहे!”

“मग विचारा की.”

“कुणाला?”

“मंत्र्याला.”

“मंत्री मीच!”

बायकोनं क्षणभर विचार केला. “मग उत्तर तरी नीट मिळेल,” ती म्हणाली.

पण प्रकरण इतकं सरळ नव्हतं. मंत्री झालेल्या माणसाला स्वतः सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. मास्तरांचं नाव आता प्रश्नावरून उडालं होतं. सुदैवानं त्या प्रश्नाखाली दुसरी एक सही होती. ती आजोबांची. आजोबा म्हणजे मास्तरांच्या शेजारी, खांबाच्या दुसऱ्या बाजूला बसणारे म्हातारे आमदार. तीस वर्षं निवडून येत होते आणि तीस वर्षांत सभागृहात एक शब्द बोलले नव्हते. कुणीही कागद पुढे केला की ते न वाचता सही करत. म्हणत, “सही मागणाऱ्याला नाही म्हणू नये. बिचारा कुठून कुठून हिंडून आलेला असतो.”

गुरुवारी नऊला शपथ झाली. दहाला आरोग्य खात्याचे सचिव फाईल घेऊन हजर झाले.

“सर, आज एकच प्रश्न आपल्या खात्याचा आहे. क्रमांक चार. अगदी किरकोळ. उत्तर छापून सदस्यांना वाटूनही झालंय.”

मास्तरांनी कागद उघडला. ‘दवाखान्यात डॉक्टरचे पद चौदा महिने रिक्त आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर: ‘हे खरे नाही.’ ‘असल्यास, ते पद केव्हा भरणार?’ उत्तर: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

“अहो, खरं नाही कसं? खुर्ची रिकामी आहे!”

“खुर्ची रिकामी आहे, सर. पद भरलेलं आहे. डॉक्टरांची नेमणूक तिथंच आहे. फक्त ते बसतात इथं, मुख्यालयात. तात्पुरते.”

“किती दिवस?”

“चौदा महिने.” सचिवांनी चष्मा पुसला. “प्रश्नात पदाबद्दल विचारलंय, खुर्चीबद्दल नाही. प्रश्न कुणी लिहिलाय कोण जाणे, पण खात्याच्या फार सोयीचा लिहिलाय.”

मास्तरांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की आधी प्रश्न नीट वाचा, मग सोडवा. स्वतः लिहिलेला मात्र त्यांनी एकदाही वाचला नव्हता.

“मी आत्ता त्यांच्या बदलीचा आदेश काढतो.”

“जरूर काढा. आपल्याआधीच्या साहेबांनीही दोनदा काढला होता. आदेश वर जातो आणि तिथंच राहतो.”

“वर म्हणजे?”

सचिवांनी आवाज खाली आणला. “ते डॉक्टर प्रमुखसाहेबांचे जावई आहेत, सर.”

मास्तरांनी फाईल मिटली.

“मग काही उपायच नाही?”

“एक आहे. सभागृहात मंत्र्यानं दिलेला शब्द हा सरकारचा शब्द. तो नोंदला जातो. मग प्रमुखसाहेबांनाही गिळता येत नाही. पण मंत्र्याला आपण होऊन बोलता येत नाही. कुणीतरी उपप्रश्न विचारायला हवा. विचारलं तरच बोलायचं.” एवढं बोलून सचिव पुन्हा सचिव झाले. “अर्थात कुणी विचारणार नाही. आपण काळजी करू नये.”

मास्तर काळजी करत कँटीनकडे धावले. पावणेअकरा वाजले होते. आजोबा बशीतून चहा पीत होते.

“या, मंत्री!” आजोबांनी उठून त्यांना कवटाळलं. “डोळ्यांचं पारणं फिटलं रे!”

“आजोबा, चौथा प्रश्न तुमच्या नावावर आहे. तुम्ही उभे राहा, आणि मला विचारा की डॉक्टर प्रत्यक्षात तिथं कधी जाणार? हे बघा, चिठ्ठीवर लिहून आणलंय.”

आजोबांनी चिठ्ठीला हातसुद्धा लावला नाही. “मी? तुला प्रश्न विचारू? आज? अरे, माझ्या पोटच्या पोरासारखा तू. पहिल्याच दिवशी तुला कोंडीत पकडू? अशी अवलाद नाही माझी!”

“पकडा हो! मला कोंडीतच पकडा!”

“आनंदानं डोकं फिरलंय तुझं. पाणी पी.”

“आजोबा, पाया पडतो, मला अडचणीत आणा!”

“तू निर्धास्त राहा,” आजोबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. “मी आत येतच नाही. नाव पुकारलं आणि माणूस जागेवर नसला की प्रश्न आपोआप गेला. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.”

मास्तर कळवळून म्हणाले, “निदान आत तरी या! मी मंत्र्यांच्या रांगेत बसलेला तुम्हाला बघायचं नाही का?”

ही मात्रा लागू पडली. आजोबा आले. घंटा वाजली.

पहिला प्रश्न रस्त्यांचा. तो पंचवीस मिनिटं चालला. दुसरा पाण्याच्या टाकीचा. टाकी गळते की नळ गळतो यावर दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला. मास्तर पहिल्या रांगेत बसून समोरच्या घड्याळाकडे बघत होते. खांब नसल्यामुळे त्यांना उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. तिसरा प्रश्न संपला तेव्हा बाराला सहा मिनिटं होती.

“प्रश्न क्रमांक चार,” अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी मान वळवली. आजोबांची हनुवटी छातीवर टेकली होती.

मास्तर इतक्या जोरात खोकले की अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाण्याचा पेला पाठवला. आजोबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते उभे राहिले. वार्ताहरांनी पेनं उघडली.

“अध्यक्ष महाराज,” आजोबा गहिवरून म्हणाले, “छापील उत्तर वाचलं. अक्षर फार सुरेख आहे. माझं पूर्ण समाधान झालेलं आहे.” आणि ते बसले.

मास्तर ताडकन उठले. “समाधान कसं झालं?”

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “मंत्रिमहोदय, आपल्याला कुणी काही विचारलेलं नाही.”

“तेच तर म्हणतोय! विचारा ना कुणीतरी!”

हशा उसळला. मास्तर विरोधी बाकांकडे वळले. एरवी तिथं मंत्री शिंकला तरी वीस हात वर व्हायचे. आज एकही हात वर होईना. विरोधी नेते शेजाऱ्याला कुजबुजले, “मंत्री प्रश्न मागतोय. काहीतरी डाव आहे. कुणी तोंड उघडू नका.” आणि सगळा विरोधी पक्ष हाताची घडी घालून छताकडे बघत राहिला.

बाराला दोन मिनिटं होती.

“मंत्रिमहोदय, खाली बसावं,” अध्यक्ष म्हणाले. मास्तर बसले. त्यांना डोंगरावरची वाट दिसत होती, आणि वाटेवरची खाट. त्यांनी मागे वळून आजोबांकडे एकदा पाहिलं. हात नकळत जोडले गेले होते, कंपाउंडर जोडायचा तसेच.

आजोबांनी तो चेहरा पाहिला आणि त्यांचा सगळा आनंद ओसरला. ते हळूच उठले.

“अध्यक्ष महाराज, एक विचारू?”

“पण आपलं तर समाधान झालं होतं!”

“माझं झालं होतं. मंत्र्यांचं झालेलं दिसत नाही.”

हशा थांबायला अर्धं मिनिट गेलं. मास्तरांना ते अर्ध्या वर्षासारखं वाटलं.

“या माणसाला सकाळी मंत्रिपद मिळालं,” आजोबा म्हणाले, “आणि हा इथं बसून रडकुंडीला आलाय. म्हणजे दुखणं खरं असणार. मला लिहिलेलं वाचायची सवय नाही, तेव्हा सरळच विचारतो. पद, नेमणूक ते राहू द्या. त्या खुर्चीत डॉक्टरचं बूड कधी टेकणार? वार सांगा.”

मास्तर उभे राहिले. अधिकाऱ्यांच्या कक्षात सचिवांनी डोळे मिटले. सत्ताधारी बाकांवर प्रमुखांनी भुवया उंचावल्या. आणि मास्तरांचा आवाज, देवाची करणी बघा, अजिबात चिरकला नाही.

“सोमवारी,” ते म्हणाले.

बाराचा ठोका पडला.

संध्याकाळी सहाला प्रमुखांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

“मास्तर, तब्येत बरी दिसत नाही तुमची.”

“ठणठणीत आहे, साहेब.”

“नाही. बरी नाही. या राजीनाम्यात तसं टाइप केलंय. सही करा.”

मास्तरांनी सही केली. या वेळी वाचून केली. घरी आले तेव्हा अभिनंदनाला आलेल्या मंडळींचा चहा अजून उकळत होता. राजीनाम्याचं कारण ऐकून बायको म्हणाली, “आरोग्यमंत्र्यानं प्रकृतीच्या कारणानं जायचं? तुम्ही खात्याची अब्रू घालवलीत.” मग तिनं सगळ्यांना चहा दिलाच. मास्तरांच्या कपात तिनं साखर दोन चमचे जास्त घातली.

पद नऊ तासांत गेलं, पण शब्द नोंदला गेला होता. सोमवारी सकाळी जावईबापू तीन बॅगा आणि रुसून फुगलेले दोन गाल घेऊन डोंगर चढले. कंपाउंडरनं खुर्ची पुसून दिली. आठवडाभर डॉक्टर कुणाशी धड बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक अडलेली बाळंतीण सोडवली आणि तिच्या सासूनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर त्यांनी सासऱ्यांचे बदलीचे निरोप घेणंच बंद केलं.

किंमत मोजावी लागली ती आजोबांना. पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांचं तिकीट कापलं. मास्तर अपराधी चेहऱ्यानं त्यांच्या घरी गेले, तेव्हा आजोबा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

“आजोबा, माझ्यापायी तुमची तीस वर्षं वाया गेली.”

“तीस वर्षं मी वायाच घालवली होती रे,” आजोबा म्हणाले. “त्यातलं एक मिनिट तू सोडवलंस. उभं राहिल्यावर इतकं छान वाटतं, हे आधी का नाही सांगितलंस?” आणि त्यांनी मूठभर दाणे मास्तरांच्या हातावर ठेवले.

आजोबा आता आपल्यात नाहीत. शेवटच्या दुखण्यात डोंगरावरचे तेच डॉक्टर उशाशी होते, एवढं मात्र ठाऊक आहे. उठा आता, घरी वाट बघत असतील. पण कधी कुठल्या दवाखान्यात गेलात, आणि आत खुर्चीत डॉक्टर बसलेला दिसला, तर नाडी दाखवायच्या आधी तेवढं एकदा आजोबांना मनात आणा.