आधी आधार दाखवा

ठाकुर्लीतल्या अण्णांच्या वाइन शॉपमध्ये ‘पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस दारू मिळणार नाही’ अशी पाटी होती, आणि तिच्याचखाली कॉलेजची पोरं शिस्तीत रांग लावायची. मग शेजारच्या दुकानाला दंड झाला आणि अण्णांना एकाएकी तरुण पिढीची काळजी वाटू लागली. ती वाहायचं काम त्यांनी गल्ल्यावरच्या साईनाथवर सोपवलं आणि स्वतः घरी वामकुक्षीला गेले.

साईनाथ नववीतून शाळा सोडलेला, लाजाळू. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचीच हिंमत नाही, तर चेहऱ्यावरून वय काय ओळखणार? म्हणून त्याने ठरवलं, जो येईल त्याचं आधार कार्ड बघायचं. पहिल्याच दिवशी सत्तरीचे धोंडीबा काठी टेकत कार्ड आणायला घरी गेले. (जाताना त्यांनी साईनाथच्या खानदानाची आपुलकीने विचारपूस केली.)

दुसऱ्या दिवशी काळुराम आले. शीळफाट्याला जमीन, गळ्यात जाड साखळी, आणि मुख्य म्हणजे कृतिकाचे वडील. रविवारी साईनाथचा तिच्याशी साखरपुडा होता. त्यासाठीच त्यांना व्हिस्कीचा खोका हवा होता. साईनाथने मान खाली घालून होणाऱ्या सासऱ्यांकडे आधार मागितलं.

काळुराम आधी चक्रावले, मग खूश झाले. असा सरळ जावई शोधून सापडायचा नाही, हे त्यांनी अख्ख्या रांगेला ऐकवलं.

“एक बाटली तुला घे. माझ्याकडून.”

“मला नाही चालत.”

“पीत नाय? वा रे पोरा.”

इथे कुणीही शहाणा गप्प बसला असता.

“तसं नाही,” साईनाथ म्हणाला. “पंचवीस पूर्ण नाहीत अजून. चोवीसच आहेत.”

काळुरामांनी पैसे मोजायचे थांबवले.

“बायोडाट्यात सत्तावीस लिवलंय.”

“ते मावशीनं लिहिलं. मुलगी पंचवीसची आहे, मुलगा मोठा दिसायला पाहिजे म्हणाली.”

साखरपुडा गेला, हे साईनाथने ओळखलं. पण काळुराम ओरडले नाहीत. मग बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ कुजबुजले आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे कृतिका होती.

“मी अठ्ठावीसची आहे,” ती म्हणाली. “पंचवीस बाबांनी लिहिलं. आता बोला, जमणार का?”

साईनाथने जोरजोरात मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

“हो,” तो कसाबसा म्हणाला.

“मग झालं. मला खरं बोलणाराच हवा होता. एकच अट. मी मोठी निघाले म्हणून उगाच वयाचा मान द्यायचा नाही. नावानेच हाक मारायची.”

साईनाथचं काळीज सुपाएवढं झालं.

“हो, ताई,” तो म्हणाला.