झाड क्रमांक ४४१७

घड्याळजी जेवून दुकानी परतला तेव्हा दोन वाजून दोन मिनिटं झाली होती आणि त्याच्या छपराला टेकू देणाऱ्या लाकडी खांबाचं झाड झालं होतं.

झाड झालं होतं म्हणजे पालवी वगैरे काही फुटली नव्हती. खांब होता तसाच होता. बोडका, जरासा वाकडा, वर बेचकं असलेला आणि वाळवीनं आतून पोखरलेला. फक्त छातीच्या उंचीवर एक पत्र्याचा बिल्ला ठोकलेला होता. त्यावर लिहिलं होतं, 'वृक्ष क्र. ४४१७. तोडणे किंवा इजा करणे हा गुन्हा आहे.'

"हा काय प्रकार आहे?" त्यानं शेजारच्या चावीवाल्याला विचारलं.

"झाडं मोजणारा येऊन गेला. नवा नियम निघालाय ना, प्रत्येक झाडाला नंबर. त्याला दिवसाला दोनशे झाडं भरायची असतात. आज एकशे नव्व्याण्णववर गाडी अडली होती बिचाऱ्याची."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"बघत कसला बसतोय! विचारलं की मी त्याला, हे कसलं झाड म्हणून. म्हणाला, 'ते बघणं माझं काम नाही, मी फक्त मोजतो.'"

चावीवाला पोट धरून हसला. घड्याळजीही हसला, पण थोडंच. कारण तो खांब त्याला त्याच आठवड्यात बदलायचा होता. दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडा आणि पुढे रस्त्यावर आलेलं पत्र्याचं छप्पर. त्याचं टेबल छपराखाली, कारण आत उजेड नाही. घड्याळाच्या पोटात पाण्याचा एक थेंब गेला की ते घड्याळ कामातून गेलं. खांब पडला तर छप्पर पडणार, आणि छप्पर पडलं तर पावसाळ्यात घड्याळजीनं काय छत्री धरून काटे बसवायचे?

दुसऱ्या दिवशी सुतार आला. करवत लावली आणि बिल्ला दिसताच अशी मागे घेतली जणू चटका बसला.

"हे तर झाड आहे!"

"अरे बाबा, तू सुतार आहेस ना? तुला खांब कळत नाही?"

"मला कळतो हो, पण बिल्ल्याला कळत नाही. तुम्ही कागद आणा, मी दहा मिनिटांत कापतो." सुतारानं करवत पिशवीत घातली आणि तो चालता झाला.

वृक्ष विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला.

"झाड तोडायचंय?"

"झाड नाही, खांब आहे."

"मग इथे कशाला आलात? खांब दुसऱ्या मजल्यावर. दिव्यांचा विभाग."

"पण त्याला तुमचा नंबर आहे."

"नंबर आहे? मग झाड आहे."

"बाई, त्याला एक पान नाही!"

"पानगळ असेल."

"मुळं नाहीत!"

"खणून बघितलंत? मुळाशी खणायला आधी परवानगी लागते, बरं का."

घड्याळजीनं डोळे मिटून पाच सेकंद मोजले. घड्याळजीच तो, त्याचे पाच म्हणजे बरोबर पाच. मग त्यानं तीन प्रतींत अर्ज केला.

अर्जावरून पाहणी झाली. पाहणी करणारे साहेब आले, त्यांनी खांबात बोट घातलं, बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. "वाळवी लागलीय," ते म्हणाले. घड्याळजी आनंदानं म्हणाला, "तेच तर सांगतोय!" चार दिवसांनी नोटीस आली की वृक्ष क्रमांक ४४१७ ची निगा न राखल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये?

"निगा!" घड्याळजी घरी जाऊन ओरडला. "खांबाची निगा! उद्या म्हणतील टेबलाला अंघोळ घाला!"

"अहो, ओरडून काय होणार?" बायको म्हणाली. तिनं कपाटातून एक जुना फोटो काढला. दुकान उघडलं त्या दिवशीचा. त्यात तिचे वडील तोच खांब खांद्यावर घेऊन उभे होते, बेचक्यासकट. "हा दाखवा त्यांना. माझ्या बाबांनी आणलेला आहे म्हणावं."

तो फोटो घेऊन घड्याळजीनं आणखी सहा फेऱ्या मारल्या. बाई रजेवर, साहेब बैठकीत, शिक्का दुसऱ्या टेबलावर, दुसरं टेबल कुलपात. इकडे खांब रोज तसूभर झुकत होता आणि घड्याळजी एक डोळा भिंगात आणि एक डोळा छपराकडे ठेवून काम करत होता. शेवटी सातव्या फेरीला बाईंनी फोटो उजेडात धरला.

"खांद्यावर दिसतोय खरा. झाड काही कुणी असं खांद्यावर घेत नाही." त्यांनी शिक्का मारला. "घ्या. झाड नसल्याचा दाखला. बिल्ला मात्र तुम्ही काढायचा नाही. आठ दिवसांत आमचा माणूस येऊन काढेल."

घड्याळजी जिने उतरला तो जवळजवळ उड्या मारत. दाखला खिशात घालून, वाटेत सुताराला निरोप देऊन तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि जागच्या जागी थबकला.

गल्लीत अतिक्रमणवाल्यांची गाडी उभी होती. रस्ता मोकळा करायचा नवा हुकूम निघाला होता. फुटपाथवर आलेलं प्रत्येक छप्पर काढायचं! चावीवाल्याचं छप्पर गाडीत जाऊन पडलं होतं, आणि तो आपल्या टेबलावर उन्हात डोक्याला हात लावून बसला होता. आता पहारी घेतलेली दोन माणसं घड्याळजीच्या खांबापाशी पोचली होती. त्याच्यामागे दुकान सांभाळायला बसलेली बायको टेबलावरची घड्याळं पदरात गोळा करत होती.

"थांबा!" एक माणूस म्हणाला. "साहेब, याला नंबर आहे. झाड आहे हे."

अतिक्रमणवाले साहेब पुढे आले. त्यांनी खांबाला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "झाड असेल तर हात लावता येणार नाही. छपराचा भार झाडावर आहे, ओढताना झाड पडलं तर आपण घरी बसू." मग ते वळले. "पण खरंच झाड आहे का हे? कोणाचं दुकान?"

"माझं," घड्याळजी म्हणाला. खिशातला दाखला त्याला छातीला निखाऱ्यासारखा लागत होता.

"हा खांब आहे ना?"

बायको नवऱ्याकडे बघू लागली. दोन महिने ज्यानं घर डोक्यावर घेतलं होतं तो माणूस आता काय बोलतो, ते तिला ऐकायचं होतं.

"छे हो!" घड्याळजी म्हणाला. "नंबर आहे म्हणजे झाड आहे."

"पान नाही एकही."

"पानगळ आहे."

"अहो, याला मुळं तरी आहेत का?"

"मुळाशी खणायला परवानगी लागते, साहेब. तिसरा मजला. आणि हे बघा," त्यानं दुसऱ्या खिशातून नोटीस काढली, "निगा राखली नाही म्हणून नोटीससुद्धा आलीय मला. खांबाला कधी नोटीस येते का?"

साहेब नोटीस वाचत होते तेवढ्यात चावीवाल्यानं मान वर केली. "काय घड्याळजी, मिळाला का तो दाखला?"

घड्याळजीनं खिशावर हात दाबला. "कसला दाखला?"

"कसला म्हणजे? तुम्ही सकाळी..."

"भाऊजी," बायको घाईघाईनं मध्ये पडली, "उन्हात कशाला बसलाय? या की आमच्या छपराखाली. टेबल घेऊनच या. कायमचे या."

चावीवाल्यानं छपराकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "साहेब, झाडच आहे ते," तो उठत म्हणाला. "मागच्या वर्षी काय फुलं आली होती म्हणून सांगू!"

"फुलं राहू द्या," घड्याळजी दातओठ खात पुटपुटला.

साहेबांनी नोटीस परत दिली आणि वहीत लिहिलं, 'वृक्ष असल्याने छप्पर कायम.' "पण झाडाची अवस्था वाईट आहे. रोज दोन बादल्या पाणी घालायचं. माझा माणूस येऊन बघेल. कोरडं दिसलं तर छप्पर काढू." आणि गाडी पुढच्या दुकानाकडे वळली.

त्या दिवसापासून घड्याळजी सकाळी नऊच्या ठोक्याला खांबाला पाणी घालू लागला. शेजारी चावीवाल्याचं चाक फिरायचं, आणि ज्या टेबलावर धुळीचा कण येऊ नये त्यावर लोखंडाचा कीस उडायचा. बोलायची सोय नव्हती. बिल्ला काढणारा माणूस मात्र आठ दिवसांत आला नाही, महिन्यातही आला नाही. त्या खात्यावर घड्याळजीचा तेवढा विश्वास होता.

"अहो, असं पाणी घातलंत तर महिन्याभरात कुजून पडेल हो तो," एका सकाळी बायको बादली देत म्हणाली.

"ठाऊक आहे मला. शेजारी दुसरा खांब लावणार आहे. झाडाला आधार म्हणून. काल अर्ज दिला तीन प्रतींत, पण निरोप दिलाय सुताराला, उद्याच येतोय तो."

"लोखंडी लावा हो," चावीवाला चाक थांबवून म्हणाला. "मजबूत राहील. आणि लाकडी लावलात तर तो झाडं मोजणारा फिरून येईल. ऐकलंय मी, पुन्हा मोजणी आहे म्हणे येत्या सोमवारी."

"लाकडीच लावायचा," घड्याळजी म्हणाला. "चांगला बेचक्याचा." त्यानं उरलेलं पाणी खांबाच्या बुडाशी ओतलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "आणि सोमवारी मी जेवायला जरा लवकर जाणार आहे."