जीवाणूंपासून गावाचं संरक्षण

“ओल काय तुमच्या मीटिंगची वाट बघत बसणार हाय का?”

गोजरबाई हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. ती वालाचं बी निवडत होती आणि बोलली ती हातातल्या सुपाशी. पण सूप आणि सून यांच्यात वीतभराचंच अंतर असल्यामुळे बोलणं कुमुदिनीला लागलं. तीही मग भाकरीशीच काहीतरी पुटपुटली. त्या घरात सासूसुनेचं भांडण असं भांड्याकुंड्यांमार्फत चालायचं, आणि त्यामुळे वीस वर्षांत एकदाही भांडण झालेलं नव्हतं.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींना भिणं हे माणसाच्या प्रगतीचं लक्षण आहे. दिसणाऱ्या गोष्टींची त्याला सवय होऊन जाते. चामटोलीच्या वरच्या आळीने ही प्रगती २००५ साली अवघ्या चार महिन्यांत केली. त्या जुलैत नदी शेतांत येऊन गेली आणि जाताना वरची चांगली माती सोबत घेऊन गेली. मागोमाग आरोग्यवाले आले. त्यांनी पांढरी पावडर वाटली, गोळ्या वाटल्या आणि जंतू या विषयावर इतकी व्याख्यानं दिली की दिवाळीपर्यंत पाळण्यातली पोरंही हात धुवायला मागायची.

अशा जागृत गावात बेलवलीहून मोटरसायकलवर राजरत्न आला. तो कृषी सहायक, वय सव्वीस, स्वभावाने भाबडा. त्याने गोजरबाईच्या ओटीवर जीवाणू खताची सात पाकिटं ठेवली.

“मावशी, पुराने माती धुतली ना, तिच्यातले चांगले जीवाणूपण गेले. हे वालाच्या बियाला गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे, बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. ते मुळाशी घर करतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. फुकट.”

“जिवंत हायत?” गोजरबाईचा मुलगा अनंता याने विचारलं.

“हो, जिवंत आहेत म्हणून तर उपयोग.”

इथेच राजरत्न फसला.

अनंता, म्हणजे कुमुदिनीचा नवरा, अंबरनाथ एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात चौदा वर्षं काम करत होता आणि सुरक्षा हा त्याचा धर्म होता. त्याने पाकीट लांब धरून वाचलं. त्यावर छापलं होतं, ‘माणसांस व जनावरांस अपायकारक नाही.’

“मिठाच्या पुडीवर लिवतात का असं?” त्याने विचारलं. “गुळाच्या ढेपेवर? मग याच्यावरच का लिवलं?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. ज्या वस्तूवर ती सुरक्षित असल्याचं लिहिलेलं असतं ती संशयास्पद, आणि ज्या वस्तूवर काहीच लिहिलेलं नसतं ती सुरक्षित, हे तत्त्व आळीने एकमताने मान्य केलं. पाच जणांची जीवाणू सुरक्षा समिती स्थापन झाली. अनंता अध्यक्ष. कुमुदिनीचं अक्षर चांगलं, म्हणून ती सचिव. समितीच्या बैठका दुपारी दोनला भरत. त्या वेळी पहिल्या पाळीचे सदस्य कामावर असत, दुसऱ्या पाळीचे रिक्षा पकडायच्या घाईत असत आणि रात्रपाळीचे झोपलेले असत. त्यामुळे एकमत व्हायला अडचण येत नसे.

वाल भातानंतर शेतात उरलेल्या ओलीवर येतो. ती ओल जायला लागली होती आणि गोजरबाई रोज पहाटे अनवाणी शेतात जाऊन टाचेने ती मोजून येत होती. (समितीने टाच हे अधिकृत मोजमाप नसल्याची नोंद केली.) तिची घाई निव्वळ वालासाठी नव्हती. अनंताने गणपतीतच सांगून टाकलं होतं, “आये, येवढं वरीस बघ. वाल नाय आला तर जागा मुकेशशेठला देऊ.”

मुकेशशेठचा उल्हासनगरला वापरलेल्या पिंपांचा धंदा. मोठी, निळी, प्लास्टिकची पिंपं. कारखान्यातून रिकामी होऊन आलेली. त्याला माल रचून ठेवायला मोकळी जागा हवी होती आणि गोजरबाईचं शेत त्याच्या मते आधीपासूनच मोकळं होतं. माणूस मात्र लाखातला. अडीअडचणीला धावून येणारा. त्या आळीतल्या प्रत्येक अंगणात पिण्याच्या पाण्याचं जे निळं पिंप होतं ते त्याच्याकडचंच. विकताना तो न चुकता सांगायचा, “धोके लेना ताई, दो-तीन बार.” पुढे कशासाठी वापरायचं ते तो विचारत नसे. ही सिंधी व्यापाऱ्याची अदब आहे असं गाव समजायचं. तो स्वतः कुठेही गेला तरी आपली पाण्याची बाटली बरोबर ठेवायचा, ती त्याची गुरूची आज्ञा असावी असंही गाव समजायचं.

समितीने अकरा दिवसांत पुढील माहिती गोळा केली:

आळीतली घरं ६२. निळी पिंपं १४१. जीवाणूंमुळे आजवर झालेले अपघात शून्य. या अपघातांची माहिती काढायला जाताना बांधावरून घसरलेले सदस्य दोन. पाकिटाजवळून गेलेली कोंबडी एक. (तिच्यावर तीन दिवस नजर ठेवण्यात आली. चौथ्या दिवशी पाहुणे आल्याने निरीक्षण थांबवावं लागलं.)

कुमुदिनीने हे सगळं वहीत उतरवलं. पिंपांचा आकडा मुळात का मोजला हे तिला आठवेना. मोजायला सोपी होती म्हणून बहुधा.

बाराव्या दिवशी समितीने अर्ध्या शेतात प्रात्यक्षिकाला परवानगी दिली. मुकेशशेठने या कार्यासाठी एक नवीन पिंप भेट दिलं. नवीन म्हणजे आळीला नवीन. कुमुदिनीने ते राख आणि काथ्याने तीनदा घासलं, त्यावरचं कवटीचं चित्रही घासलं. कवटी गेली. तिचा एक डोळा मात्र काही केल्या निघेना, म्हणून ती बाजू भिंतीकडे फिरवली. आता पिंपावर काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ते सुरक्षित झालं.

सकाळी आठला सदस्य गमबूट, हातमोजे, गॉगल आणि तोंडाला फडकी लावून अंगणात जमले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दरोडा पडतोय. विहिरीचं पाणी पिंपात भरलं. त्यात गूळ विरघळवला. अनंताने श्वास रोखून पाकिटं कापली, हात लांब करून पिंपात ओतली आणि मागे सरला. काहीच झालं नाही. टाळ्या वाजल्या. मग खबरदारी म्हणून जीवाणू तासभर पिंपातच ठेवायचं ठरलं, म्हणजे त्यांचा जोर कमी होईल.

तो तासभर गोजरबाई कुठे होती हे कुणी पाहिलं नाही. कुमुदिनीने पाहिलं. सातातलं एक पाकीट पहाटेच ओटीवरून नाहीसं झालं होतं. म्हातारीने त्याच विहिरीचं पाणी मडक्यात घेतलं, त्याच ढेपेचा गूळ घातला, ते मिश्रण उघड्या हाताने बियाला चोळलं, हात पदराला पुसला आणि समिती हातमोज्यांची डावी-उजवी बाजू ठरवत होती तोवर खालचं अर्धं शेत पेरून मोकळी झाली. कुमुदिनीने वहीत लिहिलं, ‘प्राप्त पाकिटे सहा.’ सासूसाठी तिने खोटं लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

वरच्या अर्ध्यात समितीने पिंपातलं पाणी बियाला चोळून पेरलं. कुणालाही इजा झाली नाही. शेताच्या कडेला पाटी लागली: ‘अपघातमुक्त दिवस’, आणि पुढे खडूने आकडा. पिंप रिकामं झालं होतं. चांगलं नवंकोरं पिंप वाया कशाला घालवा, म्हणून ते विसळून पिण्याच्या पाण्याला घेतलं. आठवडाभर पाण्याला जरा वास आला. मग नाकं सुधारली. (वाचकांपैकी कुणाच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत असं पिंप असेल, तर ते आत्ता उठून बघायला जायचं कारण नाही. कथा संपेपर्यंत ते कुठे जात नाही.)

पाटीवर त्रेचाळीस आकडा लागला तेव्हा राजरत्न तपासणीला आला. समिती हजर होती. मुकेशशेठही जागा बघायला म्हणून मोजायची टेप घेऊन आला होता. त्याला पेल्यातून पाणी दिलं, त्याने नेहमीसारखा हात जोडून नकार दिला आणि आपली बाटली तोंडाला लावली.

वरच्या अर्ध्यातला वाल पिवळट, चार बोटं. खालचा हिरवागार, गुडघ्याला लागणारा. अनंताचं तोंड जरा उतरलं, पण राजरत्नने दोन्हीकडची झाडं उपटून मुळं धुतली तेव्हा तो परत खुलला. वरच्या झाडांची मुळं स्वच्छ होती, शाळेत जाणाऱ्या पोराच्या नखांसारखी. दहा झाडांत मिळून चार गाठी. खालच्या झाडांना मात्र मुळाला दाटीवाटीने गाठीच गाठी लगडलेल्या.

“बघा!” अनंता म्हणाला. “खालच्याला रोग लागला. आमच्याकडं सरासरी शून्य पूर्णांक चार गाठी. सुरक्षा म्हंजे ही.”

टाळ्या वाजल्या. कुमुदिनीने वहीत ‘प्रात्यक्षिक यशस्वी’ लिहिलंसुद्धा.

“काका,” राजरत्न हळूच म्हणाला, “गाठी म्हणजे जीवाणूंची घरं. गाठी हव्यातच.” त्याने एक गाठ नखाने फोडून दाखवली. आत गुलाबी होती. “हे बघा, कामाला लागलेत. तुमच्याकडचे कामालाच लागले नाहीत.”

“का नाय लागले?”

आता कारणं पुढे आली. वरचा बांध उंच आहे. अमावास्या जवळ होती. पेरताना कोण तरी शिंकलं होतं. दुसऱ्या पाळीच्या सदस्याने तर दृष्ट लागल्याचं सांगून गॉगल घालून पेरण्यातला फायदा परत समजावला.

“कुमुदिनीताई, वाचा बरं काय काय वापरलं ते,” राजरत्न म्हणाला.

कुमुदिनीने वाचलं. आणि वाचता वाचता, एक पाकीट कुठे गेलं तेही सांगून टाकलं. “दिवस तोच. बी तेच. पाकिटं एकाच खोक्यातली. गूळ एकाच ढेपेचा. पाणी एकाच विहिरीचं. आईंनी मडक्यात कालवलं, आणि समितीने…”

तिने वही मिटली. अंगणात एकदम सगळ्यांना कामं आठवली. एकाने गमबूट झटकला. राजरत्न मोटरसायकलची किल्ली शोधू लागला, ती त्याच्या हातात होती. मुकेशशेठने टेप सावकाश गुंडाळली. अनंताच्या हातात पाण्याने भरलेला पेला होता. तो त्याने खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. पिंपाकडे कुणीच बघेना. भिंतीच्या बाजूने तो एक डोळा तेवढा सगळ्यांकडे बघत असणार.

गोजरबाई ओटीवरून उतरली. पोराच्या हातातला पेला तिने काढून घेतला आणि शेणखताच्या ढिगावर ओतला. मग थोडा विचार करून तिथलंही वरचं खत पायाने बाजूला सारलं.

“मेले ते. पिंपात मेले, तुमच्या तासाभरात. असल्याच पिंपातलं पानी आपुन दहा वरसं पितंय.” तिने सगळ्यांकडे एकवार बघितलं, मुकेशशेठच्या बाटलीकडेही. “ते बिचारे येवढुशे, म्हनून लगेच मेले. आपुन मोठे हाव रं. आपल्याला जरा टाइम लागंल.”