गवताआडचा भाऊ

थोरल्याने तारेच्या कुंपणालगत शोभेचं गवत लावलं ते शोभेसाठी नव्हे, पलीकडच्या धाकट्याचं तोंड दिसू नये म्हणून. आई गेल्यावर तिच्या शिलाई मशीनवरून दोघा भावांचं बिनसलं होतं. मशीन चालवायला दोघांनाही येत नव्हतं, पण अबोला मात्र दोघांनी नऊ वर्षं चोख पाळला.

गवत बोरूसारखं ताठ, माणसाहून उंच, वर रुपेरी तुरे. येणारेजाणारे कौतुक करायचे. अडचण एकच होती. हिवाळा सरला की ते वाळतं आणि वीतभर ठेवून कापावं लागतं. म्हणजे पुन्हा वाढेपर्यंत दोन-तीन महिने धाकटा समोर हजर. थोरल्याने अक्कल लढवली आणि सलग चार वर्षं गवताला कात्री लावू दिली नाही. माळी सांगून सांगून थकला.

पाचव्या वर्षी मधलं बेट आतून कुजलं. बरोबर थोरल्याच्या खुर्चीसमोर ताटाएवढं भगदाड पडलं आणि त्यातून ओट्यावर चहा पिणारा धाकटा दिसू लागला, तोही फोटोसारखा चौकटीत.

बायको म्हणाली, खुर्ची हलवा. थोरला म्हणाला, "मी का हलू? अंगण माझं आहे."

महिनाभर तो तिथेच बसला. धाकटा कप दोन्ही हातांनी धरतो, डावा पाय ओढतो, हे सगळं त्याला पाठ झालं. एकदा जेवताना तो बोलून गेला, "त्याने पाय कुणाला तरी दाखवायला हवा."

"कुणी?" बायकोने विचारलं.

थोरल्याने पाणी मागितलं.

शेवटी चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून भगदाड बुजवायला माळ्याला बोलावलं. माळी म्हणाला, मुळं कुंपणाखालून पलीकडे गेलीत, तिकडे विचारावं लागेल.

"विचार. पण माझं नाव काढू नकोस."

"मग गवत कुणाचं सांगू?"

दोन दिवस थोरल्याला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने हाडांच्या डॉक्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिला. भगदाड राहू दे, असं माळ्याला सांगायचं आणि चिठ्ठी त्यातूनच पलीकडे द्यायची, असं ठरवून तो बाहेर आला.

भगदाड बुजलं होतं. तिथे हिरवागार ठोंब दाबून बसवला होता. माळी नळावर हात धूत होता.

"धाकट्या साहेबांनी स्वतः लावला," तो म्हणाला. "खाली बसता येत नव्हतं, तरी ऐकेनात. म्हणाले, चार वर्षं कापलं नाही तेवढं बरं होतं. आता रोज कुणीतरी टक लावून बघत बसतं, सहन होत नाही."

"ठोंब कुठला?"

"तुमचाच. तिकडे फुटला होता."

थोरल्याने चिठ्ठीची घडी खिशात घातली.

"भरपूर पाणी घाल," तो म्हणाला. "मरता कामा नये."

आणि खुर्ची उचलून तो आत गेला.