सुंदररावांच्या हस्ते व्हीपीएन

कंपनीची गुपितं कशी राखावीत, हे धारूरच्या बाजारात मला विचारावं! मी गुरुपाद, राजेश्वरअप्पांच्या तेलगिरणीचा मॅनेजर. दोन हजार एक साली सगळीकडे कॉम्प्युटरचं वारं होतं, त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यात शिरलं होतं.

करडईचा रोजचा भाव अप्पांचे चिरंजीव बसवेश्वर बीडच्या ऑफिसातून फोनवर सांगत. आमची लाइन अशी खरखरीत, की भाव मला पुन्हा पुन्हा ओरडून विचारावा लागे. शेजारच्या गिरणीचे सुंदरराव पान लावत निवांत ऐकत आणि आमच्यावर पाच रुपये वाढवून माल उचलत! शेवटी अप्पा म्हणाले, "गुरुपाद, आता माल गेला तर तुज्या खुर्चीत माजा मेव्हणा बसंल."

मी औरंगाबादहून एक टायवाला गाठला. तो म्हणाला, "व्हीपीएन घ्या. बीडचा आकडा बंद बोगद्यातून थेट तुमच्या पडद्यावर. वाटेत कुणाला दिसणार नाही."

"बोगदा?" अप्पा दचकले. "घाटातून? फारेस्टवाले परवानगी देत्याल का?"

"खोदायचा नाही हो! टेलिफोनच्या तारेतूनच जातो."

"तारंत बोगदा? मंग तार कशात ऱ्हाती?"

टायवाल्यानं टाय सैल केला. मलाही काही कळलं नव्हतं, पण मी मान इतकी डोलावली, की त्यानं सगळ्यात सुरक्षित व्हीपीएन आमच्या गळ्यात मारलं. पासवर्ड टाकताना मी खुद्द अप्पांना पाठ फिरवायला लावली!

आता नवी वस्तू पूजेशिवाय कशी चालू करणार? "नारळ सुंदरराव फोडतील," अप्पा म्हणाले. "बाजारात मान त्यांचा हाय." मला तर आनंदच झाला. जळू दे की म्हातारा!

मुहूर्ताला सगळा बाजार आमच्या गादीवर. कॉम्प्युटरला हार, हळदकुंकू, पेढे. सुंदररावांनी नारळ फोडला, मोडेम किंचाळला, सगळ्यांनी हात जोडले. आणि अप्पांच्या डोळ्यांना दिसावं म्हणून मी बोटभर मोठ्या केलेल्या अक्षरांत आजचा भाव पडद्यावर उमटला!

सगळ्यात जोरात टाळ्या सुंदररावांच्या. "लई झ्याक! फोनवर इतकं साफ कधीच न्हवतं!" असं म्हणत त्यांनी पेढा उचलला आणि आपली गिरणी गाठली.

अप्पांनी उपरणं पडद्यावर फेकलं. "बसवेश्वरला फोन लाव! भाव बदल म्हनावं!"

"लागत न्हाई, अप्पा," मी म्हणालो. "फोनची तार येकच, आन तिच्यात बोगदा हाय."

"मंग बंद कर की!"

बंद कसं करायचं, हे विचारायचंच राहिलं होतं. वायर उपटावी तर आत्ताच पूजा झालेली, अप्पा हात लावू देईनात. दुसरा फोन होता सुंदररावांकडे! मी धावत गेलो. त्यांनी रिसीव्हर दिला, वर चहाही मागवला. तो येईपर्यंत बाहेरच्या करडईच्या सगळ्या गाड्या त्यांच्या अंगणात वळल्या होत्या.

"उद्यापासनं येऊ नको," अप्पा म्हणाले. तेवढ्यात सुंदरराव दारात उभे.

"अप्पा, माजा एक शब्द ठेवा. गुरुपादला काढू नका. इतका कामाचा मॅनेजर मला दुसरा मिळायचा न्हाई!"

मानाचा माणूस! अप्पांना शब्द मोडवेना. खुर्ची राहिली. घरी मी छाती फुगवून सांगितलं, की कंपनीला माझ्याशिवाय जमत नाही. कोणत्या कंपनीला, ते बायकोनं विचारलं नाही!